दादा नादार झाला, घराचं कर्ज मात्र तिघांच्या नावावर – पुढे काय करावं? (सोलापूर)

जुळे_सोलापूरकर

नमस्कार मंडळी. घरचा प्रश्न इथे मांडतोय, कारण नातेवाइकांना विचारायची सोय उरलेली नाही. त्यांतल्या बऱ्याच जणांचे पैसे दादाकडे अडकलेत.

आम्ही दोघे भाऊ आणि आई. वडील नाहीत. २०१६ साली जुळे सोलापुरात घर घेतलं. खरेदीखतावर तिघांची नावं, हिस्सा सारखा. गृहकर्ज २८ लाख, मुदत २० वर्षं, व्याज ९ टक्के धरून हप्ता २५,२०० च्या आसपास. पहिला अर्जदार दादा, मी आणि आई सहकर्जदार. दादा १५ हजार द्यायचा, उरलेले मी घालायचो. मी एका खासगी शाळेत शिक्षक आहे.

दादाचा टॉवेलचा कारखाना होता, भाड्याच्या शेडमध्ये. बाहेरगावच्या दोन व्यापाऱ्यांनी माल उचलला आणि पैसे थकवले. सूतवाल्यांची उधारी वाढली. ती भागवायला पतसंस्थेचं कर्ज, पतसंस्थेचा हप्ता भागवायला हातउसने. शेवटी त्याने नादारीचा (दिवाळखोरीचा) अर्ज केला आणि यंदा कोर्टाने त्याला नादार जाहीर केलं. रिसीव्हर (त्याची मालमत्ता ताब्यात घेऊन देणी भागवणारा कोर्टाचा माणूस) नेमलेत. माग गेले. दर आठवड्याला कामगारांचा पगार वाटणारा माणूस आता दुसऱ्याच्या कारखान्यात जॉबर (माग दुरुस्त करणारा) म्हणून आठवड्याचा पगार घेतो. घरी आला की बोलत नाही.

घराचे दोन हप्ते थकलेत. बँकेचा फोन आता मला येतो. मला वाटत होतं की दादा नादार झाला म्हणजे त्याच्या वाट्याचं कर्ज थांबलं, मी माझ्या वाट्याचे दहा हजार भरत राहायचे. बँक म्हणते पूर्ण हप्ता भरा. हे बरोबर आहे का? सूतवाले आणि पतसंस्था घरावर येऊ शकतात का? मामा म्हणतात, दादाचा हिस्सा लगेच वहिनीच्या नावे बक्षीसपत्र करून टाका. वहिनी म्हणते माझं सोनं मोडा. आई रोज एकच विचारते, घर राहील ना रे?

कृपया माहिती असणाऱ्यांनी लिहा.

माजी_शाखाधिकारी

बँक बरोबर सांगते आहे. तिघांनी मिळून कर्ज घेतलं की बँकेच्या दृष्टीने दहा हजार आणि पंधरा हजार असे वाटे नसतात. संविदा अधिनियमाचं कलम ४३ तेच सांगतं: संयुक्त देणेकऱ्यांपैकी कोणाकडूनही पूर्ण रक्कम मागता येते. ज्याने जास्त भरलं त्याने बाकीच्यांकडून त्यांचा वाटा मागायचा, हा तुमच्या आपसातला हिशेब.

आता सगळ्यात निकडीचं. थकबाकी सर्वांत जुन्या न भरलेल्या तारखेपासून मोजतात. तिला ९० दिवस उलटले की खातं अनुत्पादक (एनपीए) होतं. त्याआधी तुम्ही एक हप्ता भरलात तरी तो जुन्या थकबाकीत जमा होतो आणि दिवस मागे येतात. एकदा खातं एनपीए झालं की ही सोय संपते. मग सगळी थकबाकी एकरकमी भरल्याशिवाय खातं नियमित होत नाही. म्हणून आज जे हातात आहे ते आज भरा. पुढच्या महिन्यात सगळं एकदम भरू असं ठरवून थांबू नका.

एनपीएनंतर सरफेसी कायद्याची (बँकेला दावा न लावता तारण ताब्यात घेऊ देणारा कायदा) ६० दिवसांची नोटीस येते, कलम १३(२) ची. तिला लेखी हरकत घेता येते आणि बँकेला त्या हरकतीचं उत्तर १५ दिवसांत द्यावं लागतं. त्यानंतरही बँकेने ताब्याची कारवाई केली तर ४५ दिवसांत पुण्याच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं. घर सोडवून घेण्याचा तुमचा हक्क लिलावाची सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच टिकतो, हे २०१६ च्या दुरुस्तीनंतर झालं आहे. लोक लिलावाच्या दिवशी पैसे घेऊन येतात आणि मग फार वाईट वाटतं.

एक विचारतो. दादांच्या कारखान्याचं कॅश क्रेडिट (धंद्यासाठीचं फिरतं कर्ज) याच बँकेत होतं का? मंजुरीपत्र काढून बघा, त्यात हेच घर त्या कर्जालाही वाढीव तारण म्हणून लिहिलेलं असेल तर सगळं गणित बदलतं. सर्साईच्या (गहाणांची केंद्रीय नोंद ठेवणारी संस्था) संकेतस्थळावर थोडी फी भरून मिळकतीवरचे बोजे कोणालाही पाहता येतात. मिळकत पत्रिकेचा ताजा उतारा पण काढा.

कोर्टाची_पायरी

मी सोलापुरात वकिली करते. मामांचा सल्ला आधी बाजूला ठेवा, त्यातून दादा अडचणीत येतील.

कंपनी नसलेल्या सामान्य माणसाची नादारी आपल्याकडे अजून १९२० च्या प्रांतिक नादारी अधिनियमाखाली, जिल्हा न्यायालयात चालते. २०१६ चा नवा दिवाळखोरी कायदा आला तरी त्यातला व्यक्तींसाठीचा भाग अजून सगळ्यांना लागू झालेला नाही. १ डिसेंबर २०१९ पासून तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्यांना लागू आहे. दादांचा कारखाना त्यांच्या एकट्याच्या मालकीचा होता असं धरून लिहिते.

नादारीचा आदेश झाला त्या क्षणी दादांचा घरातला एक तृतीयांश हिस्सा कोर्टाकडे किंवा रिसीव्हरकडे गेला, कलम २८. आता तो हिस्सा दादांना कोणाच्याच नावावर करता येत नाही. आदेशापूर्वी केलं असतं तरी फुकट दिलेली मिळकत गेल्या दोन वर्षांतली असेल तर रिसीव्हर ती रद्द करून घेऊ शकतो, कलम ५३. एखाद्याच सावकाराला झुकतं माप देऊन शेवटच्या तीन महिन्यांत केलेली परतफेडही तपासली जाते, कलम ५४. त्या काळात दादांनी कोणा नातेवाइकाचे पैसे आधी फेडले असतील तर ते वकिलाला सांगून ठेवा.

गृहकर्जाची बँक तारणधारक आहे. कलम २८(६) प्रमाणे नादारीमुळे तिचा घरावरचा हक्क कमी होत नाही. आणि कलम ४४(३) नीट वाचा: नादाराला पुढे मुक्तता मिळाली, म्हणजे कोर्टाने त्याला जुन्या देण्यांतून मोकळं केलं, तरी त्याच्यासोबत बांधील असलेला सहकर्जदार आणि जामीनदार सुटत नाही. म्हणजे तुम्ही आणि आई पूर्ण कर्जाला बांधील आहात आणि राहाल.

सूतवाल्यांनी आणि हातउसने देणाऱ्यांनी आपलं येणं रिसीव्हरकडे सिद्ध करायचं. ते तुमच्या किंवा आईच्या हिश्श्यावर येऊ शकत नाहीत. दादांच्या हिश्श्यातून बँकेचा बोजा वजा जाता जे उरेल तेवढंच त्यांना. पतसंस्थेचं मात्र बघा, तिथे तुमची किंवा आईची जामीनदार म्हणून सही आहे का?

मुक्ततेचा अर्ज कोर्टाने दिलेल्या मुदतीत करावा लागतो, नाहीतर नादारीचा आदेशच रद्द होऊ शकतो. घरात सगळे खचलेले असले की ही तारीख निसटते. आणि मुक्तता मिळेपर्यंत दादांनी नादार असल्याचं न सांगता पन्नास रुपयांचीही उधारी घेतली तर कलम ७२ खाली गुन्हा होतो. रक्कम १९२० ची आहे, कलम आजही तेच आहे. त्यांना नवीन हातउसने अजिबात घेऊ देऊ नका.

अशोकचौक

मी पण मागावरचाच माणूस हाय, पूर्व भागातला. कायद्याचं ताईंनी सांगितलंय, मी फक्त दादाबद्दल बोलतो. कारखाना बसला की माणूस चौकात यायचं सोडतो. चहाला बोलावलं तरी येत नाही. लै जणांचं बघितलंय मी. सूतवाला गल्लीत दिसला की मागच्या दारानं जायलेत. तसं होऊ देऊ नका. तुमच्या दादानं कोर्टात जाऊन सगळं उघड केलं, कोणाचा पैसा घेऊन पळाला नाही. ज्यांचं येणं हाय त्यांना सांगायचं, रिसीव्हरचं नाव हे, तुमचं येणं तिथं लावा. एवढं तोंडावर सांगितलं की निम्मे लोक घरी यायचं बंद होतात.

आणि विनापरवाना व्याजानं पैसे देणारा कोणी घरी येऊन दमदाटी करत असेल तर जिल्हा उपनिबंधकांकडं तक्रार द्या. २०१४ च्या सावकारी कायद्यात ती सोय हाय. घाबरून घरातली भांडी विकू नका.

हुतात्मा_एक्सप्रेस

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. घर विका. बाजारात ४५ लाख येत असतील आणि कर्ज २१ लाख राहिलं असेल (नऊ वर्षांनी साधारण तेवढंच राहतं, सुरुवातीचे हप्ते व्याजातच जातात), तर २४ लाख उरतात. तुमचे आणि आईचे मिळून १६. त्यात लहानसा फ्लॅट होईल आणि डोक्यावर मोठा हप्ता राहणार नाही. शिक्षकाच्या पगारात २५ हजारांचा हप्ता म्हणजे उद्या तुम्हीही अडकाल.

जुळे_सोलापूरकर

राग नाही. हा विचार रात्री माझ्याही मनात येतो. शिल्लक २१ लाखांच्याच घरात आहे. पण आई ६८ वर्षांची आहे, हे घर तिने वडिलांच्या मागे उभं केलंय. शेवटचा उपाय म्हणून ठेवतो.

मंजुरीपत्र शोधलं. कॅश क्रेडिट दुसऱ्या बँकेत होतं, तारण माग आणि माल. घर त्यात नाही. सर्साईवर घरावर एकच बोजा दिसतो. पतसंस्थेत माझी सही नाही, दोन कारखानदार मित्र जामीनदार आहेत. त्यांना वसुलीच्या नोटिसा आल्यात आणि मला त्यांच्यासमोर जायला धीर होत नाही.

कोर्टाची_पायरी

बोजा एकच आहे हे फार चांगलं झालं.

विक्रीबद्दल: आता विकायचं म्हटलं तरी दादांच्या हिश्श्यासाठी रिसीव्हरची सही आणि कोर्टाची परवानगी लागेल. तुम्ही तिघे परस्पर विकू शकत नाही.

त्यापेक्षा उलट बाजूने विचार करा. वरचं गणित खरं धरलं तर दादांच्या हिश्श्याची निव्वळ किंमत ८ लाखांच्या आसपास येते. राहत्या घरातला एक तृतीयांश, तोही बँकेकडे गहाण असलेला हिस्सा विकत घ्यायला बाहेरचा माणूस सहसा धजत नाही. कारण त्याला घरात राहायला येता येत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ४४ प्रमाणे एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरात त्याला संयुक्त ताबा मिळत नाही. त्याला वाटपाचा दावाच लावावा लागतो, आणि त्याने तो लावला की १८९३ च्या विभाजन अधिनियमाचं कलम ४ कुटुंबाला तो हिस्सा कोर्ट ठरवेल त्या किमतीला विकत घेण्याचा हक्क देतं. रिसीव्हरलाही हे माहीत असतं. म्हणून तुम्ही किंवा आईने सरकारमान्य मूल्यांकनकाराचा अहवाल जोडून रिसीव्हरकडे लेखी प्रस्ताव द्या, की हा हिस्सा आम्ही वाजवी किमतीला घेतो. कोर्टाने मंजूर केलं की तो हिस्सा रीतसर तुमच्याकडे येईल आणि तो पैसा दादांकडे ज्यांचं येणं आहे त्यांना मिळेल. त्या दोन जामीनदार मित्रांचं ओझंही तेवढंच हलकं होईल, हे त्यांना जाऊन सांगा.

जामीनदार म्हणून बांधील असलेली सगळी रक्कम मित्रांनी पतसंस्थेला भरली की ते संविदा अधिनियमाच्या कलम १४० प्रमाणे पतसंस्थेच्या जागी येतात आणि रिसीव्हरकडे आपलं येणं लावू शकतात. त्यांच्यावर सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघण्याआधी त्यांनी सहायक निबंधकांसमोर हजर राहावं. दाखला निघाल्यावर पुनरीक्षण (फेरतपासणीचा) अर्ज करायचा तर आधी ५० टक्के रक्कम भरावी लागते.

न्यूजर्सीकर

मूळचा सोलापूरचाच. इथे अमेरिकेतही दिवाळखोरीनंतर घरावरचा बोजा तसाच राहतो आणि सहकर्जदार सुटत नाही. फक्त चॅप्टर १३ मध्ये (हप्त्यांनी देणी फेडायची योजना) घरगुती, म्हणजे धंद्याच्या नसलेल्या कर्जाच्या सहकर्जदाराला योजना चालू असेपर्यंत वसुलीपासून संरक्षण मिळतं. भारतात तसं काही आहे का?

कोर्टाची_पायरी

१९२० च्या कायद्यात सहकर्जदारासाठी तसं संरक्षण नाही. म्हणूनच हप्ता चालू ठेवण्यावर एवढा भर देते आहे.

शेंगाचटणी

मी तुमच्या वहिनीच्या जागी राहिलेली आहे, म्हणून लिहिते.

तिचं सोनं हे तिचं स्त्रीधन आहे. नवऱ्याकडे ज्यांचं येणं आहे त्यांचा त्यावर हक्क नाही. ती आत्ता भीतीने आणि लाजेने "मोडा" म्हणते आहे. तिला थांबवा. जुनी उधारी फेडायला तर ते मुळीच मोडू नका. घर वाचवायला तिला खरंच मदत करायची असेल तर तिच्या नावाने, बँकेतून, आणि त्याबद्दल घरात तिला काय मिळणार हे कागदावर लिहून. नाहीतर दहा वर्षांनी कोणालाच आठवत नाही की हप्ता कोणाच्या पाटल्यांनी भरला होता.

आमच्याकडे दीर आणि आम्ही मिळून कर्ज फेडलं. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी लांब आखीव वही आणली आणि देवघराच्या कपाटात ठेवली. तारीख, रक्कम, कोणाच्या खात्यातून, बँकेचा व्यवहार क्रमांक, आणि शेवटच्या रकान्यात दोघा भावांच्या सह्या. पहिल्या पानावर "हे पैसे भेट नाहीत, घराच्या हिशेबातले आहेत" एवढं सासूबाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलं. आपल्यात कसला हिशेब, असं म्हणून नवऱ्याने पहिल्यांदा सही करायला नकार दिला होता. सासूबाई म्हणाल्या, आपल्यातच तर ठेवायचा. पुढे वाटणीच्या वेळी त्या वहीमुळे आमच्यात एक शब्द वाढला नाही.

वहिनीला स्वतंत्र सल्ला हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात पाठवा. स्त्रियांना तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

माजी_शाखाधिकारी

वहीचं अगदी मान्य. त्याला कायद्याचाही आधार आहे. तुम्ही तुमच्या वाट्यापेक्षा जास्त भरून शेवटी गहाण सोडवलंत तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ९२ प्रमाणे दुसऱ्या हिश्श्यापुरते तुम्ही बँकेच्या जागी येता. पण ते सिद्ध करायला पैसे तुमच्या खात्यातून गेलेले दिसले पाहिजेत. दादांच्या खात्यातून हप्ता कापायचा जुना आदेश बंद करून तुमच्या खात्याचा द्या. दादा पगारातून जे काही देतील ते रिसीव्हरला माहीत असू द्या.

आता हप्ता कमी कसा करायचा. २०१६ चं कर्ज बहुधा एमसीएलआरवर (बँक स्वतःच्या खर्चावरून ठरवते तो दर) असेल. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या व्याजाची गृहकर्जं रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो दर) बाह्य दराशी जोडलेली असतात, आणि जुन्या कर्जदाराला थोडं शुल्क भरून तिकडे जाता येतं. समजा दर साडेआठ झाला आणि २१ लाखांना पुन्हा १५ वर्षांची मुदत मिळाली, तर हप्ता २०,७०० च्या आसपास येतो. एकूण भरणा आजच्यापेक्षा चार लाखांनी वाढेल, हे डोळे उघडे ठेवून स्वीकारा. बदलत्या व्याजाच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड नसतो, त्यामुळे परिस्थिती सुधारली की वरचे पैसे भरून मुदत परत खाली आणता येते. आत्ता श्वास घ्यायला जागा हवी आहे. मात्र खातं नियमित असताना अर्ज केलात तरच शाखा ऐकून घेईल.

दादांचं नाव काढून वहिनीचं घालायचा विषय आत्ता बँकेत काढू नका. हिस्सा रिसीव्हरकडे असताना कोणतीही बँक नावबदल करणार नाही. आधी हिस्सा सोडवा, मग नाव.

जुळे_सोलापूरकर

थोडं पुढे सरकलंय म्हणून लिहितो.

एक हप्ता भरला, दुसरा पगार झाल्यावर भरतोय. शाखेत गेलो. साहेबांनी आधी तोंडी सगळं नाही म्हटलं. मग दर बदलण्याचा आणि मुदत वाढवण्याचा लेखी अर्ज दिला तेव्हा माझी आणि बायकोची पगारपत्रकं मागितली. तिचा पगार धरला तर बसेल असं म्हणाले.

वरच्या दोन खोल्यांसाठी भाडेकरू बघतोय, आई तयार आहे.

दादाला घेऊन त्या दोन मित्रांकडे गेलो. एक जण दारातच थांबला, आत या म्हणाला नाही. दुसऱ्याने पाणी दिलं, चहा दिला, आणि येणं रिसीव्हरकडे कसं लावायचं ते कागद मागून घेतले. परत येताना सात रस्त्याला दादा म्हणाला, उद्यापासून वही मी लिहितो, अक्षर माझं चांगलं आहे. बऱ्याच दिवसांनी तो आपणहून काही बोलला.

मूल्यांकनकाराला बोलावलंय. एकच शंका राहिली. वसुलीवाला रात्री साडेआठला फोन करून आईशी बोलतो. आणि माझा अर्ज शाखेने ठेवून घेतला, पण पोच दिली नाही. काय करू?

माजी_शाखाधिकारी

सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर वसुलीचा फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. तारीख, वेळ आणि नंबर लिहून बँकेच्या तक्रार विभागाला ईमेल करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही.

अर्जाची दुसरी प्रत उद्याच पोच मिळेल अशा स्पीड पोस्टाने पाठवा आणि तीच शाखेच्या अधिकृत ईमेलवरही. विषयात कर्जखात्याचा क्रमांक घाला, पहिला अर्ज कोणत्या तारखेला कोणाच्या हातात दिला ते लिहा. आईलाही सहकर्जदार म्हणून सही करायला लावा, नाहीतर तेवढ्या कारणावरून अर्ज परत येईल. मूल्यांकनाचा अहवाल आला की इथे लिहा, रिसीव्हरला द्यायच्या प्रस्तावाचा मसुदा वकीलताई आणि मी मिळून बघतो.